चादरचा दवाखाना : आजारी गोल्डफिशसाठी वेगळी टाकी, सोलापूरच्या उन्हाळ्यात

९ एप्रिल

चादरच्या शेपटीची खालची पाकळी विरलीय. कडेला दुधट पट्टी, तिच्या आत बारीक लाल रेघा. शेपटी अंगाला जुळते तिथे डाव्या बाजूचे काही खवले गेलेत आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गुलाबी जखम उघडी पडलीय. खायला येते, पण बाकीच्यांचं झाल्यावर. एरवी फिल्टरच्या पाइपामागे तळाशी, पाठीवरचा पर मिटून.

टाकीचा हिशोब लिहून ठेवते, पुढे लागेल. ३६ बाय १५ बाय १५ इंची काच, पाणी साधारण १२० लिटर. राहणारे तिघे, सगळे गोल्डफिश: चादर (लाल-पांढरी फँटेल, अंगावरच्या नक्षीवरून मुलीने ठेवलेलं नाव), भोपळ्या (केशरी, तोही फँटेल) आणि काजळी (ब्लॅक मूर). आजचं मोजमाप: तापमान ३१.५, पीएच ८.२, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेटचा रंग २० आणि ४०च्या मधला.

पाण्यात खोट नाही, पण ते तापलंय. ३१.५ हा संध्याकाळी सातचा आकडा आहे. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा, त्याला १८ ते २४ अंश मानवतात. आमच्याकडे टाकीत ते आकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास दिसतात, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत विसरायचे.

१० एप्रिल

सकाळी चहा घेऊन टाकीसमोर नुसती बसले. भोपळ्या चादरचा पिच्छा सोडत नाही. तिच्या पोटाखाली तोंड खुपसून तिला ढकलत नेतो, कधी काचेवर, कधी दगडावर, कधी फिल्टरच्या पाइपावर. जखम कुठून आली ते कळलं. अंड्यांचा हंगाम आहे, नर मादीला असंच हैराण करतो.

फोटो घेऊन माशांच्या टाक्यांच्या दुकानात गेले. दुकानदार अण्णांनी चादरकडे पाहिलंच नाही, त्यांची नजर भोपळ्यावर. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे ठिपके आहेत. “वैनी, हे व्हाइट स्पॉट हाय की. सगळ्या टाकीत औषध टाका, साफ हुतंय.”

इथे थांबून विचार करणं भाग होतं, कारण पुढचं सगळं यावर ठरणार. व्हाइट स्पॉट हा सूक्ष्म परजीवी. तो माशाच्या कातडीत शिरून वाढतो, मग गळून तळाशी पडतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ती पिलावळ पाण्यात सुटून नवा मासा शोधते. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरते. औषध लागतं ते या मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेलाच. म्हणजे तो रोग असेल तर आजारी मासा वेगळा काढून भागत नाही, अख्ख्या टाकीलाच उपचार करावा लागतो.

पण व्हाइट स्पॉटचे दाणे मिठाच्या कणांसारखे अंगभर, शेपटीवर, परांवर कसेही विखुरलेले असतात. भोपळ्याचे ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर, दोन्ही बाजूंना सारखे, ओळीने. हे हंगामात आलेल्या गोल्डफिश नराचं लक्षण. हंगाम सरला की आपोआप जातात. अण्णांना फोटो मोठा करून दाखवला. ते हसले. “मग बाईला भाइर काढा की. नवरा सोडंना झालाय, औषध काय करंल?”

एवढं नेमकं निदान आजवर कुणी केलं नव्हतं. एका काचेवर ओरखडा असलेली १८ बाय १२ बाय १२ इंची टाकी त्यांनी कमी पैशात दिली. निळ्या औषधाची बाटली मात्र मी परत केली.

११ एप्रिल

मैत्रिणीचा धाकटा भाऊ उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलेला. त्याला फोटो पाठवून फोन केला. त्याचं म्हणणं: शेपटी कुजणं हा बहुतेक वेळा जिवाणूंचा प्रकार. हे जिवाणू पाण्यात नेहमीच असतात, मासा अशक्त झाला किंवा कातडी फाटली की हात धुऊन घेतात. “ताई, औषध सगळ्यात शेवटी. आधी नर बाजूला, पाणी स्वच्छ, आणि मीठ. रोज एकाच वेळी, शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं की रोज वाटतं, वाढलंय.”

कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायचं विचारलं, कारण तो सल्ला सगळीकडे मिळतो. टेट्रासायक्लिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटून बसतं, त्यामुळे जड पाण्यात त्याचा बराचसा जोर फुकट जातो, असं तो म्हणाला. आमचं पाणी जडच. दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेलं गाव, बोअरचं पाणी तापवलं की भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. अँटिबायोटिक द्यायची वेळ आलीच तर ते खाद्यातून द्यावं, तेही मोजून, त्याला विचारून. ठीक.

वेगळी टाकी का, हे घरात दोनदा समजावावं लागलं, म्हणून इथेही लिहिते. मोठ्या टाकीत मीठ घातलं तर झाडं आणि गोगलगायी मरतील. औषध घातलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील, आणि ते मेले की तीनही माशांचा अमोनिया तसाच साचत जाईल. शिवाय रेती आणि दगड असलेल्या टाकीत नेमकं किती लिटर पाणी आहे हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. मग डोस कशावर काढायचा? छोट्या टाकीत लिटर मोजता येतात.

मोजलेच. पाच लिटरच्या कॅनने भरत गेले, ३० लिटरला पाणी साडेआठ इंचांवर आलं. तिथे काळ्या मार्करने बाहेरून रेघ मारली. या रेघेवर पुढचा सगळा हिशोब.

सामान: छोटा एअर पंप, स्पंज फिल्टर, एक जास्तीचा एअरस्टोन, थर्मामीटर, आडोशाला प्लंबरकडून आणलेला चार इंची पाइपाचा तुकडा (कडा कानशीने घासून). तळाला काही नाही, रेती नाही, दगड नाही. विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसलं पाहिजे आणि लगेच काढता आलं पाहिजे. हिटर नाही. दवाखान्याच्या टाकीच्या प्रत्येक यादीत हिटर पहिल्या तीन वस्तूंत असतो. ती यादी करणाऱ्याने एप्रिलात आमच्या जुळे सोलापुरात येऊन राहावं.

स्पंज मात्र नवा नाही. मोठ्या टाकीत एका कोपऱ्यात मी कायम एक जादा स्पंज चालू ठेवते, मळकट, तपकिरी, पाहुण्यांना घाण वाटणारा. त्यातच ते जिवाणू असतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे. नव्या कोऱ्या स्पंजवर ते जमायला काही आठवडे लागतात, तेवढा वेळ आजारी माशाकडे नसतो.

१२ एप्रिल

चादर हलवली. जाळीने नाही, जाळीच्या दोऱ्यात फाटकी शेपटी अडकते आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर म्हणजे तिची पहिली संरक्षक भिंत. मोठा स्टीलचा वाडगा पाण्यात तिरका धरला, मुलीने हाताने हळूच तिला त्यात वळवली. पाण्यासकट उचलली, पाण्यासकट सोडली. छोट्या टाकीत निम्मं पाणी मोठ्या टाकीतलंच होतं, निम्मं पिंपातलं.

पिंपाबद्दल. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. इमारतीच्या टाकीत बोअरचं मिसळतात, त्यामुळे माशांसाठी मी खालच्या नळावरून उजनी धरणाचं पाणी थेट पिंपात भरते. पाणी साठवणं ही एरवी कटकट, पण क्लोरीनच्या बाबतीत उलट सोय होते: उघड्या पिंपात एअरस्टोन सोडून दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडून जातं. पाणी आल्या दिवशीच वापरायची वेळ आली तर सोडियम थायोसल्फेटचे खडे आहेत, ते क्लोरीन लगेच मारतात.

मीठ: किराणा दुकानातलं साधं खडे मीठ. गाठायचं आहे लिटरमागे ३ ग्रॅम, म्हणजे ३० लिटरला ९० ग्रॅम. एकदम नाही. आज संध्याकाळी ३० ग्रॅम, उद्या सकाळी ३०, उद्या रात्री ३०. मगात पूर्ण विरघळवूनच ओतायचं, तळाशी पडलेला खडा माशाच्या कातडीला भाजतो.

आज खाणं नाही.

दुपारी चारला छोट्या टाकीचं तापमान ३२.५. मोठीपेक्षाही जास्त. कमी पाणी लवकर तापतं.

१३ एप्रिल

आजचा दिवस उष्णतेचा. आकडे मांडते म्हणजे घाबरण्याचं कारण कळेल.

समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३ च्या आसपास. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणजे त्याहून थोडा कमी. आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. हे एक.

दुसरं अमोनियाचं. टेस्ट किट जो आकडा दाखवतं त्यातला सगळा विषारी नसतो. पीएच ७ आणि २५ अंश असतील तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. आमच्या ८.२ पीएचला आणि २९ अंशांना तोच हिस्सा दहा टक्क्यांच्या वर जातो. किटमधला तोच फिकट हिरवा रंग दुसऱ्या गावात “बघू उद्या” आणि इथे “आत्ता पाणी बदल”.

बर्फाची बाटली सोडावी असं दीर म्हणाले. नको. तासाभरात चार अंश खाली आणि बाटली वितळली की पुन्हा वर, हे आजारी माशाला गरमीपेक्षा जास्त छळतं.

अप्पा बराच वेळ ऐकत होते. सासऱ्यांची सारी नोकरी एका मिलच्या स्पिनिंग खात्यात गेली. म्हणाले, “अगं, मिलमध्ये सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचा फवारा मारायचे. बाहेर आग, आत गार. उन्हाळा कोरडा आहे तोवर ओल्या कपड्यासारखं दुसरं काही नाही. टाक टॉवेल आणि लाव पंखा.”

टॉवेलांची आमच्याकडे ददात नाही, मी काम करते ती टॉवेलचीच फॅक्टरी. विणकामातला दोष निघालेला पांढरा टेरी टॉवेल घेतला, साबण न लावता दोनदा उकळत्या पाण्यातून काढला. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून गुंडाळला, खालची कड पाण्याच्या ट्रेमध्ये, म्हणजे तो स्वतःच पाणी ओढत राहतो. आतल्या पाण्याला टॉवेल कुठेही टेकत नाही ना, ते पाहिलं. वर झाकण नाही, टेबल फॅन तिरका, वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल असा.

रात्री नऊला २८.५. खोलीत तेव्हा ३४ होते.

मधे एकदा टॉवेल काढून नुसता पंखा ठेवून पाहिला. मुख्य काम पंख्याचं आहे. टॉवेलाने फार तर एखादा अंश आणखी. पण टॉवेलाने तिन्ही बाजू झाकल्या जातात आणि चादरला माणसांची ये-जा दिसत नाही. ती आज पहिल्यांदा पाइपाच्या बाहेर आली. टॉवेल राहील.

अप्पांचं श्रेय अप्पांना. संध्याकाळी शेजारच्यांना सांगत होते की माशाला एसी बसवलाय.

१४ एप्रिल

जयंती. चौकात निळे झेंडे, लांबून हलगी. पाणी १० लिटर बदललं. मीठ ३ ग्रॅमवर आहे, म्हणून नव्या १० लिटरमध्ये ३० ग्रॅम.

अमोनिया: फिकट हिरव्याची सुरुवात. नायट्राइट शून्य.

१५ एप्रिल

मिठाच्या हिशोबात एक गंमत आहे, मुलीला गणित म्हणून घातलं. पंख्यामुळे रोज लिटरभर, कधी त्याहून जास्त पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून आधी रेघेपर्यंत साधं पाणी घालायचं, बिनमिठाचं. मग त्यातलं १० लिटर काढायचं आणि मिठाचं १० लिटर घालायचं. क्रम उलटा केला आणि उडालेल्या पाण्याच्या जागीही खारं घातलं, तर मीठ हळूहळू ठरवल्यापेक्षा वर सरकेल. तिने वहीत मांडून दाखवलं, बरोबर.

काढलेलं खारं पाणी कुंड्यांना चालत नाही. ते फरशी पुसायला आणि संडासात. मोठ्या टाकीचं पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला, ते त्यांना खतच. अप्पा कुरकुरले, “माणसांना पाणी मोजून आणि माशाला रोज बादली.” पण पिंपाचं झाकण रात्री तेच लावतात.

शेपटीची पट्टी पुढे सरकलेली नाही, फोटोत फूटपट्टीवर कालचीच खूण. जखम मात्र कालच्यापेक्षा लाल.

खाणं: वाटाण्याचा एक दाणा, उकडून, साल काढून, चुरून. गोल्डफिशला जठर नसतं, थोडं-थोडं दिलेलं पचतं. खाल्लं.

१७ एप्रिल

जखमेच्या मध्यभागी पांढुरका ठिपका. उदगीरच्या भावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, जखम पुसून घ्या.

पद्धत, त्याने सांगितली तशी: टाकीतल्याच पाण्याने भिजवलेला मऊ कपडा, त्यात मासा, डोळे आणि कल्ले ओल्या कपड्याखाली. पोविडोन आयोडीन थोडं पाणी घालून पातळ केलेलं, कानकाडीच्या कापसावर. जखमेपुरतंच टेकवायचं, कल्ल्यांकडे ओघळ जाता कामा नये, म्हणून शेपटीची बाजू किंचित खाली. काही सेकंद, मग स्वच्छ पाण्याने जखम धुऊन लगेच परत.

मी धरलं, मुलीने कापूस टेकवला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. चादरने एकदा शेपटी झटकली आणि आयोडीन माझ्या कुर्त्यावर. पाण्यात सोडल्यावर ती पाच-दहा मिनिटं पाइपात जाऊन बसली, मग नेहमीसारखी.

हातांबद्दल एक नियम घरात लावलाय: ज्याच्या बोटाला चीर असेल त्याने टाकीत हात घालायचा नाही, आणि सायफन तोंडाने ओढायचा नाही. माशांच्या पाण्यातला एक जिवाणू क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला आहे, मायकोबॅक्टेरियम मरिनम. तो माणसाच्या कातडीत शिरला तर महिनोन्महिने न बरी होणारी गाठ येते. छोट्या टाकीचा मग, बादली, नळी वेगळी. सगळ्यांवर लाल टेप. काम आधी मोठ्या टाकीचं, मग छोटीचं, मग साबण. उलट कधीही नाही.

१८ एप्रिल

पुन्हा पुसलं. पांढुरकं नाही. पुढे पुसायचं थांबवलं, रोज पकडण्याचा त्रास जखमेच्या फायद्यापेक्षा मोठा.

२० एप्रिल

दुपारी बाहेर ४२. मोठी टाकी ३२, छोटी २८.८. मोठीवरचं काचेचं झाकण काढलं, तिलाही एक पंखा. भोपळ्या आता काजळीच्या मागे लागतो का ते पाहतेय. नाही, काजळीही नर असावी. चादर या टाकीत होती तेव्हा पाइपावर आणि झाडावर अंडी दिसली होती, सकाळपर्यंत दोघांनी मिळून खाऊन टाकली.

अण्णांच्या दुकानात खाद्याला गेले होते. एक गृहस्थ फॉर्मेलीनचं मिश्रण घेत होते, घरातली टाकी ३३ अंशांवर आहे असं तेच सांगत होते. राहवलं नाही, बोलले. फॉर्मेलीन पाण्यातला प्राणवायू खातं. गरम पाण्यात आधीच तो कमी, त्यात हे, म्हणजे रोगाआधी मासा गुदमरून मरायचा. घालायचंच असेल तर तापमान आधी उतरवा, हवा दुप्पट करा. अण्णा म्हणाले, “वैनी, तुमी दुकानात बसा, मी टॉवेल विणतो.”

२२ एप्रिल

वळीव. साडेपाचला आभाळ दाटलं, वावटळ, मग गारांचा सडा आणि लाइट गेली.

पंप बंद. स्पंज फिल्टरला हवा नाही म्हणजे प्राणवायू नाही, आणि बराच वेळ तसंच राहिलं तर स्पंजमधले जिवाणूही मरायला लागतात. यूएसबीवर चालणारा छोटा पंप याच दिवसासाठी घेतलेला, पॉवर बँकेवर लावला, छोट्या टाकीत. मोठीत पाणी जास्त, मासे दोनच. तिच्यात दर थोड्या वेळाने मगाने पाणी उंचावरून ओतत राहिलो, आळीपाळीने. दीरांनी सगळ्यात जास्त वेळ ओतलं. बर्फाच्या बाटलीवरून मी त्यांना बोलले होते तरी.

साडेआठला लाइट आली. खोलीत हवा छान गार, २९. पंखा लावला आणि तासाभराने पाहिलं तर पाणीही २९, उतरायचं नाव नाही. कारण अप्पांनी बसल्या जागेवरून सांगितलं: हवेतच ओल भरली की कपड्यातली आणि टाकीतली ओल उडणार कुठे? मिलमध्ये पावसाळ्यात फवारे बंदच करायचे म्हणे. कोरड्या ४२ अंशांत जो पंखा पाणी २८.८ पर्यंत उतरवतो, तो पावसानंतर नुसता वारा घालतो. लक्षात ठेवायचं: वळवाच्या दिवशी खाणं कमी आणि एअरस्टोन दोन.

२३ एप्रिल

अमोनिया कालपेक्षा वर, स्पंजला बंदचा फटका बसला असावा. सकाळी १० लिटर, संध्याकाळी १० लिटर. खाणं बंद. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घेतला, नळाखाली धरला नाही.

२४ एप्रिल

अमोनिया उतरला. मीठ असल्याचा एक फायदा इथे झाला असावा: नायट्राइट थोडं वर आलं तरी मिठातलं क्लोराइड ते माशाच्या रक्तात शिरू देत नाही.

२६ एप्रिल

घरात गडबड. जखमेभोवती काळं कडं, शेपटीच्या कडेलाही काळी रेघ. मुलगी शाळेतून आल्या-आल्या ओरडली, “आई, कुजतेय!” अप्पांनीही चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली.

कुजत नाहीये. गोल्डफिशची कातडी भरून येताना त्या जागी काळा रंग जमतो, पुढे बहुतेक वेळा आपोआप निवळतो. अमोनियाने भाजलेल्या माशालाही नंतर असंच काळं येतं, म्हणून त्या दिवसांचा अमोनिया वहीत पुन्हा पाहिला. पण अमोनियाचं काळं कुठेही उमटलं असतं. हे नेमकं जिथे लाल होतं तिथेच, कडेकडेने, आत सरकत चाललेलं. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तिची भूक: बोट काचेला लावलं की वर येते.

भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका शब्दाचं: “मस्त.”

शेपटीच्या कडेला, काळ्या रेघेच्या पुढे, पारदर्शक पापुद्रा. फूटपट्टीवर मिलिमीटरभर. नवीन पर आधी असाच बिनरंगी येतो.

अँटिबायोटिकचा विषय मिटला.

३० एप्रिल

पापुद्रा तीन मिलिमीटर. जखम बंद, वर खवले अजून नाहीत. आजपासून मीठ उतरवायचं: रोज १० लिटर काढून तेवढंच साधं पाणी. दर वेळी एक तृतीयांश कमी, म्हणजे ३ चे २, २ चे १.३, असं. एकदम गोड्या पाण्यात टाकण्याचं काही कारण नाही.

मोठ्या टाकीसाठी मधली जाळी: प्लास्टिकच्या बारीक जाळीला अॅक्रिलिकच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी सक्शन कप. भोपळ्याच्या कल्ल्यांवरचे ठिपके पुसट व्हायला लागलेत, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही.

फिल्टरच्या पाइपाची जी कड चादरला लागली असावी, तिच्यावर स्पंजचं आवरण चढवलं. टोकदार दगड बाहेर.

४ मे

चादर मोठ्या टाकीत, जाळीच्या उजव्या बाजूला. पुन्हा वाडग्यातूनच. भोपळ्या जाळीपाशी आला, नाक लावून फिरला, खाणं पडल्यावर विसरला.

शेपटीची खालची पाकळी वरच्या पाकळीपेक्षा थोडी तोकडी आणि काचेसारखी. रंग येईल की नाही सांगता येत नाही, लाल-पांढऱ्यांत नवा पर कधी-कधी पांढराच राहतो. मुलीचं म्हणणं, चादरीला रफू केलंय.

५ मे

छोटी टाकी मोडली. स्पंज फेकला, आजारी माशाच्या टाकीतला स्पंज पुन्हा मोठीत घालायचा नाही. त्याच्या जागी मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात नवा स्पंज आजच चालू केला, पुढच्या वेळेपर्यंत तो मळकट झालेला असेल. टाकी, पाइप, नळी, एअरस्टोन, मग: ब्लीचिंगच्या पाण्यात तासभर, मग वास जाईपर्यंत धुऊन गच्चीवर उन्हात. सध्याच्या उन्हात दोन दिवस कोरडं पडलं की जिवंत राहण्यासारखं फारसं काही उरत नाही.

७ मे

सगळं टाकीतच भरून माळ्यावर. आत एक कागद: रेघ = ३० लिटर; मीठ पूर्ण डोस ९० ग्रॅम, तीन वेळात; आधी साधं पाणी रेघेपर्यंत, मग बदल; हिटर फक्त डिसेंबर-जानेवारीत; पॉवर बँक चार्ज आहे का बघणे. टॉवेल कागदाखाली घडी करून ठेवलाय, वर लाल टेपने लिहिलंय: अंग पुसायला घेऊ नये.

अण्णांचा फोन होता. फॉर्मेलीनवाल्या गृहस्थांना टाकी गार कशी करायची ते विचारायचंय. नंबर अप्पांचा दिला.